खुनाची कथा लिहिताय? आधी पंचनामा लिहा

माझी पहिली खुनाची कथा मामांनी वाचली. मामा म्हणजे सख्खे मामा, पोलिसात जन्म काढून सहायक फौजदार म्हणून रिटायर झालेले, त्यातली निम्मी वर्षं रायटर म्हणून, म्हणजे साहेबांच्या केसचे सगळे कागद लिहिणारा माणूस. चष्मा वर-खाली करत बारा पानं वाचली आणि म्हणाले, "ह्यात पंचनामा कुटाय?"

मी म्हटलं, मामा कथा आहे ती, पंचनामा कशाला हवाय.

"तुझा साहेब सोता बॉडी उलटी करतोय, सोता फोटो काढतोय, सोताच चिठ्ठी उचलून खिशात घालतोय. असल्या साहेबाला वकील कोर्टात सोलून काढील. आन त्यो झोपतो कधी?"

राग आला होता खरं तर. पण त्यानंतर पाच-सहा कथा झाल्या, दोन दिवाळी अंकांत छापूनही आल्या, आणि आता कुणी विचारलं की खुनाची कथा कशी लिहायची तर माझं उत्तर एकच असतं, की कथेचं पहिलं वाक्य सुचायच्या आधी पंचनामा लिहा. खराखुरा, पोलिसी मराठीतला, कंटाळवाणा. तो कथेत टाकायचा नाहीये, फाइलमध्ये ठेवायचाय.

उदाहरणासाठी माझ्याच एका कथेचा इथे टाकतेय असं समजा, तासगावकडची बेदाणा शेड, एप्रिल महिना, शेडमालक आप्पा सकाळी मरून पडलेले सापडतात:

"सदर शेड पत्र्याची असून तीन बाजूंस हिरवी जाळी आहे. पूर्वेस द्राक्षबाग, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस विहीर, उत्तरेस मजुरांच्या दोन खोल्या. मयत हा रॅक क्रमांक चारचे जवळ पालथे स्थितीत असून डोके पूर्वेस व पाय पश्चिमेस आहेत. डोक्याचे मागील बाजूस जखम. अंगात पांढरा सदरा, पायजमा. सदऱ्याचे खिशात चष्म्याचे रिकामे घर, तंबाखूची पुडी, रोख ३४० रुपये. जवळच बिडीची थोटके तीन. शेडचे दारास कुलूप उघडे स्थितीत कडीस लटकलेले. लोखंडी घमेल्यात पिवळसर गंधक, न जळालेले. क्रेट सहा, पैकी एक उलटे. पंचनामा सकाळी ७.५० वा. सुरू करून ९.१५ वा. संपविला."

हे लिहायला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासात कथेची निम्मी कामं होऊन जातात. चतुःसीमा लिहिली की आपोआप ठरतं कोण कुठून आलं असेल, कुणाला काय दिसू शकतं, मजुरांच्या खोलीतून दार दिसतं का. खिशातल्या वस्तू लिहिल्या की माणूस दिसायला लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जे तिथे असायला हवं पण नाहीये ते सापडतं. चष्म्याचं घर आहे, चष्मा नाहीये. म्हणजे आप्पा मरायच्या वेळी काहीतरी वाचत होते, अंधारात, शेडमध्ये, आणि ते जे काही होतं ते चष्म्यासकट गेलं. एवढं कागदावर आलं की मग खुनी कोण, कागद कसला, हे मागून येतं. आधी खुनी ठरवून मग त्याला पुरावे चिकटवत बसलं की ते चिकटवलेलेच दिसतात.

बारीकशी वस्तू केवढं काम करते ते बघायचं असेल तर नानावटी खटला वाचा. २७ एप्रिल १९५९ ला नौदलातल्या कमांडर नानावटींनी मुंबईत प्रेम आहुजाला तीन गोळ्या घातल्या आणि स्वतःहून पोलिसांत हजर झाले. खुनी कोण हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता झटापटीत गोळ्या सुटल्या की ठरवून मारल्या. आहुजा अंघोळ करून आलेला, कमरेला फक्त टॉवेल. आणि बॉडी सापडली तेव्हा टॉवेल कमरेला जसाच्या तसा. झटापट झाली असती तर टॉवेल जागेवर राहिला असता का? ज्युरीने ८ विरुद्ध १ असं निर्दोष ठरवलं, हायकोर्टाने ते फिरवून जन्मठेप दिली, आणि त्यात हा टॉवेल मोठा मुद्दा होता. असा एक टॉवेल तुमच्या पंचनाम्यात असेल तर कथा उभी राहते, नसेल तर पाठलाग आणि पिस्तुलं घालत बसावं लागतं.

पंचनामा झाला की दुसरा कागद. खुन्याचा दिवस. सकाळी उठल्यापासून खून करून घरी जाऊन पाय धुऊन झोपेपर्यंत, त्याच्या बाजूने, वेळेसकट. दोन-तीन पानं. हेही कथेत टाकायचं नाही. बरेच जण हे टाळतात, कारण वाटतं लिहिता लिहिता सुचेल, आणि मग शेवटच्या पानावर खुनी "मला सगळं सांगायचंच होतं" म्हणून स्वतःच चार पानं बोलत बसतो. ज्या कथेत खुन्याला एवढं बोलावं लागतं तिथे लेखकाने होमवर्क केलेला नसतो.

हेतू पण इथेच ठरतो, आणि हेतू शक्यतो त्या गावचा असावा. प्रॉपर्टी आणि अनैतिक संबंध हे कुठेही चालतात म्हणूनच कंटाळवाणे झालेत. तासगाव-सांगलीच्या बेदाणा बाजारात दिवाळीच्या आधी झिरो पेमेंट म्हणून प्रकार असतो, सौदे काही दिवस बंद ठेवून अडते-व्यापारी मागची सगळी देणीघेणी शून्यावर आणतात. आता ज्याचं शून्य होणारच नाहीये त्याची दिवाळीच्या तोंडावर झोप उडाली असणार की नाही? माझ्या कथेत घरच्याच माणसाने कोल्ड स्टोरेजमधल्या एकाच मालावर दोनदा उचल घेतलेली असते, दिवाळी कशीबशी निघते, पण एप्रिलमध्ये नवा माल यायला लागतो आणि आप्पांच्या हातात जुनी पावती पडते. बस. हा हेतू पुण्यात किंवा परभणीत होऊच शकत नाही, म्हणून तो वाचणाऱ्याला खरा वाटतो. तुमच्या गावात पैसा कुठे अडकतो ते शोधा. ऊसबिल, भिशी, सोसायटीचं रिडेव्हलपमेंट, देवस्थानची ट्रस्ट. काही ना काही असतंच.

मृत्यूची वेळ. इथे बहुतेक सगळे आपटतात. डॉक्टर येतो, बॉडीला हात लावतो आणि म्हणतो, रात्री अकरा वीसला गेलाय. अहो कुठला डॉक्टर असं सांगतो! प्रेत ताठरायला जबडा-मानेपासून सुरुवात होते, मग खाली हातपाय, पुस्तकातला ढोबळ हिशोब म्हणजे बारा तासांत पूर्ण ताठ, पुढचे बारा तास तसंच, मग पुढच्या बारात सैल. पण हा हिशोब आपल्या उन्हाळ्यात घाईत चालतो, थंडीत रेंगाळतो. म्हणून डॉक्टर नेहमी काही तासांची रेंज देतात, आणि लेखकासाठी ही रेंज म्हणजे सोनं आहे, कारण सगळ्या संशयितांच्या सबबी त्या रेंजमध्ये वरखाली होत राहतात. नेमकी वेळ हवीच असेल तर ती बॉडीवरून काढू नका, वस्तूंवरून काढा. वरच्या पंचनाम्यात गंधक न जळालेला आहे. बेदाण्याला रंग यायला गंधकाची धुरी देतात, आप्पा ती रोज रात्री दहाला पेटवायचे हे सगळ्या मजुरांना माहिती. त्या रात्री पेटलीच नाही. झालं की, दहाच्या आत. आणि हे डॉक्टर नाही तर एखादी मजूर बाई सहज बोलून जाते तेव्हा जास्त मजा येते.

पोलिसांबद्दल थोडक्यात, नाहीतर हा विषय संपायचा नाही. सांगली जिल्ह्यात पोलीस कमिशनर आणू नका, तिथे एसपी म्हणजे पोलीस अधीक्षक असतात, कमिशनर मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत. गावातल्या खुनावर स्टेशनचे पीआय म्हणजे पोलीस निरीक्षक आणि सोबत जिल्ह्याची एलसीबी म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा, आणि या दोघांत थोडी चढाओढ असतेच, ती वापरा. लिहिणारा रायटर असतो, साहेब नाही. पंच दोन, आणि ते बहुतेक वेळा कामधंदा सोडून यावं लागल्यामुळे वैतागलेले. तुमची कथा १ जुलै २०२४ नंतर घडत असेल तर खुनाचं कलम ३०२ नाही, भारतीय न्याय संहितेचं १०३ लागतं, पण बोलताना अजून सगळे तीनशे दोनच म्हणतात, आणि हवालदाराच्या तोंडात तीनशे दोन आणि कागदावर १०३ असं दाखवलंत तर ओळखणारा बरोबर ओळखतो. झडतीचं मोबाईलवर शूटिंग करणंही आता आलंय. आणि श्वान पथक आणलंत तर ते बातम्यांमध्ये असतं तसं रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळू द्या, थेट खुन्याच्या दारात नेऊन बसवू नका.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. आधीच्या कायद्यातही नव्हती, नव्यातही नाही. त्यामुळे सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात गोळा करून, साहेबांनी येरझाऱ्या घालत भाषण करून, शेवटी खुनी ढसाढसा रडला, हा सीन मला आता वाचवत नाही. चालतं ते काय? आरोपी पंचांसमोर सांगतो की मी लपवलेली वस्तू काढून देतो, मग जीप निघते, तो जागा दाखवतो आणि वस्तू निघते. त्या सांगण्याचा जेवढा भाग त्या वस्तू सापडण्याशी थेट जोडलेला आहे तेवढाच कोर्टात टिकतो. हा सीन लिहा ना. विहिरीच्या काठावर बघ्यांची गर्दी, मोटारीने पाणी उपसायला लागलेले चार तास, चहाच्या खेपा, आणि चिखलातून निघालेला चष्मा. दिवाणखान्यापेक्षा कितीतरी भारी आहे हे.

आता माझा लाडका भाग, मराठीचा. आपल्या भाषेत खुनी लपवणं अवघड आहे कारण क्रियापद चुगली करतं. आला की आली, गेला की गेली, एका अक्षरात निम्मे संशयित बाद. अंधारातली व्यक्ती दाखवायची असेल तर नपुंसकलिंग हाताशी ठेवा, "कुणीतरी आलं", "कोण होतं तिथं?" किंवा माणूसच काढून टाका, चपला वाजल्या, बॅटरीचा उजेड जाळीवरून सरकला, कडी निघाली.

खरी गंमत खुन्याने "मी" म्हणून सांगितलेल्या प्रकरणात आहे. मी गेलो, मी गेले, लगेच कळलं. पण मी चावी घेतली, दार लावलं, दिवा बंद केला, घाम पुसला, यात काय कळलं? काहीच नाही, कारण इथे क्रियापद चावीच्या, दाराच्या, घामाच्या मागे जातं, करणाऱ्याच्या नाही. म्हणून असं प्रकरण लिहिताना ज्याला कर्म आहे ती भूतकाळी क्रियापदं भरा. "मला दिसलं", "मला जायचंय", "मी येईन" हेही सुरक्षित. येतो-येते, करतो-करते हा वर्तमानकाळ पूर्ण बंद. आणि काही क्रियापदं फसवी आहेत, त्यांना कर्म असूनही ती करणाऱ्याचीच री ओढतात, विसरणं, पिणं, बोलणं, शिकणं, त्यांच्यापासून लांब राहा. "म्हणालो-म्हणाले"ने भांडं फुटतं पण "मी म्हटलं" चालतं. आधी पाच पानं लिहून बघा, घामटं निघतं, पण जमलं की वाचणाऱ्याला पत्ताच लागत नाही. आता वर जाऊन हा लेख परत बघा, मी बाई की बुवा ते कळतंय का. एका ठिकाणी "टाकतेय" आहे, बरोबर, पण "असं समजा" पण आहे तिथेच. खोटा पुरावा असा पेरतात.

तसंच अरे-तुरे आणि अहो-जाहो. इतकं फुकटचं हत्यार असताना आपण रक्ताचे डाग आणि सिगारेटचे ब्रँड का वापरतो कळत नाही. जो माणूस सगळ्यांसमोर मालकांना "अहो साहेब" म्हणतो तो एकदाच घाबरून "तू बस" म्हणून गेला, की संपलं, त्यांचं काहीतरी जुनं आहे. माझ्या बेदाण्याच्या कथेत आप्पांच्या मोबाईलवर आलेला शेवटचा मेसेज एवढाच आहे: "निघालो. शेडवरच थांबा." नंबर एका मजुराचा, त्याचा फोन चार दिवसांपूर्वी हरवलेला. पोलीस म्हणतात "निघालो", म्हणजे पुरुष. आप्पांचा भाऊ, जुना पार्टनर, अडत्याचा माणूस, सगळे पुरुष उचलून आणतात. पण भाऊ आणि पार्टनर दोघंही आप्पांना अरे-तुरे करणारे, ते "थांब" लिहितील, "थांबा" कशाला? आणि "निघालो"? कोल्हापूरकडच्या बायका सर्रास मी येतो, मी जातो, मी जेवलो असंच बोलतात. आणि आप्पांच्या सुनेचं माहेर कोल्हापूर. कोल्ड स्टोरेजच्या पावत्या तीच सांभाळते.

यात माझी एक चूक झाली होती ती सांगायला हवी, कारण तीच तुमची होणार. हे कोडं प्रामाणिक राहायला हवं तर सून असं बोलते हे वाचणाऱ्याला आधी एकदा ऐकू आलं पाहिजे. म्हणून पहिल्या खर्ड्यात, जबाब घ्यायला पोलीस घरी येतात तेव्हा तिच्या तोंडी वाक्य होतं, "आम्ही नवाला जेवलो." छान पेरलं असं वाटून दोन दिवस खुशीत गेले. मग लक्षात आलं की "आम्ही जेवलो" तर मुंबईची बाईसुद्धा म्हणते! अनेकवचनात काहीच सिद्ध होत नाही. मग ते काढून वेगळा सीन घातला, पोलीस गेल्यावर शेजारीण विचारते खाल्लंस का काही, आणि ही भांडी घासता घासता म्हणते, "मी जेवलो न्हाई अजून, सकाळधरनं नुसत्या चहावर हाय." वाचणाऱ्याचं लक्ष तिच्या उपाशी असण्याकडे जातं, बिचारी, सासरा गेलाय आणि घोटभर चहावर आहे. पुरावा लपवायची जागा हीच. दया येते त्या वाक्यात, नाहीतर हसू येतं त्या वाक्यात. आणि यादीत लपवायचा असेल तर यादीच्या मध्ये, पहिलं आणि शेवटचं सगळ्यांच्या लक्षात राहतं. कोल्हापूरचे वाचक लगेच ओळखतील अशी भीती होती, खर्डा वाचलेल्या दोघांनी ओळखलंही, पण ओळखल्याचा त्यांना आनंदच झाला. ओळखता येऊच नये असं कोडं असेल तर ते कोडं नाही, फसवणूक आहे.

मोबाईल आणि सीसीटीव्हीला घाबरून बरेच जण कथा १९८५ मध्ये नेऊन ठेवतात. गरज नाही. सीडीआरमधून, म्हणजे फोन कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींमधून, फोन कुठल्या टॉवरखाली होता ते कळतं, कुठल्या खोलीत होता ते नाही, आणि गावाकडे एका टॉवरखाली शेड, घर, देऊळ, अर्धी वस्ती येते. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठराविक दिवसांनी जुन्यावर नवं चढतं. आणि मामांनी सांगितलेली गोष्ट, दुकानांतल्या कित्येक डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं, घड्याळ चुकलेलं असतं, म्हणून फुटेज घेताना डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ दोन्ही लिहून ठेवायची असते. एखादा आळशी हवालदार ते लिहायला विसरला तर तुमचे चाळीस मिनिटं इकडचे तिकडे होतात, त्यात एक अख्खा संशयित बसतो.

संशयित चारच्या वर नकोत, दिवाळी अंकातल्या पंधरा पानांत वाचणाऱ्याला नावं लक्षात राहत नाहीत, आणि ती एकाच अक्षराने सुरू होणारी ठेवू नका, सुरेश-सुभाष-संजय असा घोळ एकदा करून झालाय.

शेवटचा हात फिरवताना पंचनामा पुन्हा बाहेर काढा आणि एकेका वस्तूवर टिक करत जा. बिडीची थोटकं कुणाची, कळलं. क्रेट उलटं का, झटापटीत. गंधक, चष्म्याचं घर, चष्मा, सगळं झालं. हे करून मग कथा मामांना दिली, दिवाळी अंकाला पाठवून झाल्यावर दिली हा भाग वेगळा. या वेळी हसले नाहीत. विहिरीचा सीन दोनदा वाचला, "रायटर बरा दावलाईस," म्हणाले. मग परत पहिल्या पानावर गेले.

"कुलूप उगडं लटाकलंय म्हंतोय पंचनामा. म्हंजी किल्लीनं उगडलंय. आप्पाच्या खिशात तंबाखू हाय, पैसं हाईत. मग किल्ली कुटं हाय?"

अंक दिवाळीत येतोय. किल्ली अजून सापडलेली नाही.